नेपाळी लोककथा आणि कथा वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय, आधी लोककथा वाचू की आधुनिक कथा. मी म्हणेन, एक जोडी लावा: ‘धों चोलेचा’ आणि ‘नासो’.

पहिली ही लोककथा, काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांची, मुळात नेपाळभाषेतली. (नेपाळभाषा म्हणजे नेवारी, नेपाळी वेगळी. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो.) सावत्र आई पुंता नावाच्या पोरीला शेळी चारायला पिटाळते, धड खायलाही देत नाही. शेळीच तिला शिंगांतून खाऊ काढून देते. हे कळल्यावर सावत्र आई शेळी कापायला लावते. मरण्याआधी शेळी पुंताला बजावते, माझं मांस खाऊ नकोस, हाडं पुरून ठेव. हाडं पुरली तिथे खाऊने लगडलेलं झाड उगवतं. पुढे लाखे, म्हणजे तिकडचे राक्षस, येतात आणि सावत्र बहिणीची हाव तिला भोवते. आपल्याकडच्या ‘साठा उत्तराच्या कहाणी’सारखी नेपाळीत गोष्ट संपवायचीही ठरलेली ओळ आहे: ‘सुन्नेलाई सुनको माला, भन्नेलाई फूलको माला’. ऐकणाऱ्याला सोन्याची माळ, सांगणाऱ्याला नुसती फुलांची!

आता ‘नासो’. गुरुप्रसाद मैनालींची ही कथा १९३५च्या सुमारास ‘शारदा’ मासिकात आली आणि आधुनिक नेपाळी कथा तिथून सुरू झाली, असं सहसा मानतात. मूल नाही म्हणून देवीरमण दुसरी बायको आणतो, लक्ष्मी. तिला मुलगा होतो. थोरली सुभद्रा स्वतःच्याच घरात उपरी होत जाते आणि शेवटी घर सोडते. लोककथा असती तर इथून पुढे धाकटीचं काही खरं नव्हतं. मैनाली त्या वाटेला जात नाहीत. लक्ष्मी अंथरुणाला खिळते, सुभद्रा परत येते आणि मरताना लक्ष्मी आपलं पोर तिच्या ओटीत घालते. सावत्र आई हे पात्र इथे पार उलटं झालंय, म्हणून ही जोडी. देवीरमण मात्र फार स्वस्तात सुटतो, हे मला आजही खटकतं.

मैनाली न्यायखात्यात नोकरीला होते. त्यांच्या ‘परालको आगो’ या कथेतलं चामे आणि गौंथली या नवरा-बायकोचं भांडण, तिचं माहेरी निघून जाणं आणि मागे त्याची उडालेली तारांबळ वाचताना वाटतं, अशी भांडणं त्यांनी जवळून पाहिली असणार.

नंतर बी. पी. कोइराला घ्या. हेच पुढे १९५९ मध्ये नेपाळचे पहिले लोकनिर्वाचित पंतप्रधान झाले. त्यांच्या ‘दोषी चश्मा’ या कथेत केशवराजला चष्म्यापायी समोरून जाणारे जनरलसाहेब वेळेवर ओळखू येत नाहीत, सलाम चुकतो आणि त्याची झोप उडते. घडतं एवढंच. पण राणांच्या, म्हणजे तेव्हा नेपाळवर सत्ता गाजवणाऱ्या पंतप्रधान घराण्याच्या, राजवटीत साधा माणूस किती दबून जगत होता, ते यातून जसं कळतं तसं इतिहासाच्या पुस्तकातून कळत नाही. शेवट सांगत नाही.

इंग्रजी चालत असेल तर मायकेल हट यांचं ‘हिमालयन व्हॉइसेस’ (१९९१) बघा, त्यात नेपाळी कविता आणि कथा दोन्हींचे अनुवाद आहेत. पण लिपी देवनागरीच आहे, तेव्हा मूळ नेपाळी एकदा मोठ्याने वाचून पाहाच. हिंदी येत असेल तर बरंचसं उलगडतं. दार्जिलिंगचे इंद्रबहादुर राई मात्र इतक्यात उघडू नका. लेखक थोर, पण कथानकाच्या मागे लागणाऱ्याला ते दाद देत नाहीत.