वाचकांचे प्रश्न: शेतावर सपर क्लब काढू का?

प्रश्न: ताई नमस्कार. माझा आतेभाऊ अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीला असतो, त्यानं तिकडच्या सपर क्लबचे फोटो पाठवले, लाकडी भिंती, मंद लाल दिवे, तळ्याच्या काठाला हॉटेल, आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय बघा. अक्कलकोट रोडला आमची थोडी जमीन आहे, दोन वर्षं झाली हिवाळ्यात हुरड्याला पाहुणे घेतो. हेच बारा महिने संध्याकाळचं सपर क्लब म्हणून चालवलं तर जमेल का? आणि क्लब म्हणजे मेंबरशिप लागते का ओ?
— अक्कलकोट रोडचा एक वाचक

उत्तर: दादा, मेंबरशिप बिंबरशिप काही नसते, नावातच क्लब आहे, कुणीपण जावं. सपर म्हणजे रात्रीचं जेवण, आणि बहुतेक क्लब फक्त संध्याकाळीच उघडतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, ती उठल्यावर आणि पुढं घरोघरी गाड्या आल्यावर गावाबाहेर, हायवेला, तळ्याकाठी अशी ठिकाणं वाढली, आणि विस्कॉन्सिननं ती जीवापाड जपली.

मी लेकीकडं विस्कॉन्सिनमधल्याच मॅडिसनला गेलेले तेव्हा एका शनिवारी आम्ही गेलो होतो. सहाला पोचलो, मला कडाडून भूक लागलेली, वाटलं आता टेबलावर बसवतील, तर नाही, आधी बारपाशी बसायचं, मेन्यू तिथंच हातात देतात, ऑर्डर पण तिथंच घेतात, आणि मग गप्पा. बाजूच्या आजोबांनी आम्ही कुठल्या, काय, सगळं विचारून घेतलं. पाऊण तासानं वाढणाऱ्या बाई आल्या, म्हणाल्या चला, तुमचं सॅलड टेबलावर ठेवलंय. टेबलावर रेलिश ट्रे, म्हणजे गाजराचे लांब तुकडे, मुळा, सेलरी, लोणच्यातली काकडी, आणि वाटीत मऊ चीज, ते बिस्किटाला लावून खायचं. मला एकदम आपलं ताट आठवलं, भाकरी यायच्या आधी कांदा, शेंगाचटणी, दही वाढून ठेवतात ना, तसंच. शनिवारचं तिथलं खास म्हणजे प्राइम रिब, गोमांसाचा मोठा भाजलेला तुकडा, आम्ही ते खात नाही म्हणून वॉलआय नावाचा तळ्यातला मासा घेतला. साडेनऊ वाजले तरी कुणी बिल आणून ठेवलं नाही. एकदा बसलात की टेबल रात्रभर तुमचंच. मालक स्वतः फिरत होते, निम्म्या लोकांना नावानं हाक मारत होते.

खरं सांगू का, सगळी मजा या क्रमात आहे. आधी बसायचं, बोलायचं, भूक चांगली पेटू द्यायची आणि मग जेवायला उठायचं. लाल दिवे आणि लाकडी भिंती नाही केल्या तरी चालेल.

आणि हे तुमच्याकडं आधीच आहे की! आगटी. गोवऱ्यांच्या धगीत कणसं खुपसायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, हाताला चटका बसतोच, आणि ओंजळीतला हिरवा हुरडा गूळ नाहीतर लसणाच्या चटणीसंगं तोंडात टाकायचा. तास दीड तास माणसं आगटीभोवतीच बसतात, अनोळखी माणसंपण बोलायला लागतात. तिकडं बार जे काम करतो ते तुमच्याकडं आगटी करते. आता हुरडा हिवाळ्याचाच, फ्रीजमधला देऊन लोकांना फसवू नका. पावसाळा सरता सरता ओल्या शेंगा भाजा, मक्याची कणसं भाजा, उन्हाळ्यात रात्री रानात वारं सुटतं तेव्हा बाजा टाकून पन्हं द्या. पण आधी आगटी, मग ताट, हे बदलू नका, आणि ताट आलं की पुढची पार्टी थांबलीय म्हणून कुणाला उठवू नका. त्यापेक्षा रात्रीला सात-आठच कुटुंबं घ्या.

वार पण लावा. रविवारी मटण आणि कडक भाकरी, शनिवारी शेंगोळे, असं ठरलं की लोक वार धरून येतात. आणखी एक, विस्कॉन्सिन डेल्सजवळ मिरर लेकच्या काठाला इशनाला नावाचा सपर क्लब आहे, १९५३ पासूनचा, तिथं झाडं तोडली नाहीत, छतातून वर जाऊ दिलीत. तुमच्या बांधावर कडुलिंब असंल तर पत्र्यासाठी तोडू नका, त्याच्याखालीच बसवा लोकांना. एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन मात्र आधी करून घ्या.

प्रश्न: ताई, आमचं घर माळकरी. तिकडच्या सपर क्लबात ब्रँडी लागतेच म्हणतात. दारूशिवाय असलं काही होईल का?
— पंढरपूरची एक वाचक

उत्तर: होईल की ताई. तिथलं ठरलेलं ड्रिंक म्हणजे ब्रँडी ओल्ड फॅशन्ड. ग्लासात साखरेचा खडा, थोडे बिटर्स म्हणजे कडवट अर्काचे थेंब, संत्र्याची फोड आणि चेरी ठेचायची, वर ब्रँडी, बर्फ आणि लिंबाचा गोड सोडा. बाकी अमेरिकेत व्हिस्की घालतात, विस्कॉन्सिनमध्ये ब्रँडी. माझी लेक पण घेत नाही, तिला तेच सगळं ब्रँडी न घालता करून दिलं, कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही. लोकांना आवडतं ते समोर ठेचून, आपल्यासाठी करून दिलेलं. तुम्ही पाट्यावर आलं-पुदिना ठेचून गुळाचं लिंबू सरबत समोर करून द्या, लहान मुलं तर तिथनं हलणार नाहीत. आणि दारू द्यायची तर लायसन लागतं, तो व्याप नकोच.

प्रश्न: तिकडं शुक्रवारीच मासे का खातात?
— जुळे सोलापूर

उत्तर: कॅथलिक लोक शुक्रवारी मटण खात नव्हते, मासे चालायचे, आणि विस्कॉन्सिनला जर्मन, पोलिश कॅथलिक खूप आले. आपल्याकडं सिद्धेश्वराचा सोमवार म्हणून कितीतरी घरात मटण शिजत नाही ना, तसलंच. त्यातनं फ्रायडे फिश फ्राय रुजला, आता कॅथलिक नसलेले पण जातात. कॉड, पर्च, वॉलआय असतात, सोबत कोबीचं सॅलड, बटाटा, राय ब्रेड. घरी करायचं असंल तर उजनीची चिलापी घ्या, मोठी बघून. मी वरून ज्वारीचं जाडसर पीठ लावते, रव्यापेक्षा कुरकुरीत होते, फक्त पीठ लावल्यावर दहा मिनिटं तसंच ठेवायचं, नाहीतर तव्यात सुटतं.