खिळ्याला टांगलेले बूट

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांचा. गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला आहे. आम्ही सातजण लहानपणापासून एकाच तालमीकडून फुटबॉल खेळायचो. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात दंगा झाला, त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एकानं घाणेरडी पोस्ट टाकली. आमच्यातला एकटा मुसलमान दोस्त काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. खेळायलाही परत आला नाही. त्याचे बूट अजून तालमीच्या खोलीत खिळ्याला आहेत. पोस्ट चुकीची आहे हे मला कळत होतं, तरी मी गप्प बसलो. माणूस इथूनतिथून सारखाच, असं शाळेत शिकलो. आता ते खोटं वाटतं. तुमचा अजून विश्वास आहे का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : आहे. माझा मुलगा तुझ्याच वयाचा, म्हणून अरेतुरे करते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. पाणी उपसायची केंद्रंच बुडाली, त्यामुळं चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. गल्लीत टँकर आला की रांग लागायची. शेजारच्या वहिनींशी गाडी लावण्यावरून माझा दोन वर्षं अबोला होता. त्या दिवशी माझा गुडघा धरलेला. त्यांनी काही न विचारता माझी कळशी घेतली, आपल्या घागरीआधी भरली, पदरानं तिचं बूड पुसलं आणि माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवली. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

पूर ओसरला आणि दिवाळीच्या आत गाडीवरून आमचं पुन्हा वाजलं. तेव्हा मलाही तुझ्यासारखंच वाटलं होतं, की सगळं तेवढ्यापुरतंच. पण ती कळशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. नंतरच्या भांडणानं ती रिकामी होत नाही. आणि आता आम्ही भांडतो, पण अबोला नाही.

शाहू महाराजांबद्दल शिवाजी पेठेतल्या पोराला मी काय सांगायचं! तरी एक गोष्ट बघ. आधी त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी मिळून एकच वसतिगृह काढलं. तिथं बहुतेक एकाच जातीची मुलं राहिली. मग १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी वेगवेगळी बोर्डिंगं उभी केली. माणसं एकत्र बसत नाहीत हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच महाराजांनी पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. एकदा पिऊन फोटो काढला, असं नव्हे, पुन्हा पुन्हा. लोकांची मनं बदलेपर्यंत ते वाट बघत बसले नाहीत. माझा विश्वास आहे तो असल्या कामावर, आणि ते करणारी माणसं मला या गावात अजून भेटतात.

आता तुझं. त्या दोस्ताला पोस्टपेक्षा तुम्हा बाकी पाचजणांचं गप्प बसणं जास्त लागलं असणार. म्हणून फोन नको, मेसेज तर नकोच. बूट खिळ्यावरून काढ. तळाला वाळलेली माती असेल, ती खरवडून काढ, नाड्या कुजल्या असतील तर नव्या घाल. सुट्टीच्या दिवशी एकटाच त्याच्या घरी जा. सगळ्यांना गोळा करून नेऊ नकोस, त्याला दारात घोळका दिसायला नको. ‘तेव्हा मी बोलायला हवं होतं, चुकलं माझं,’ एवढंच म्हण. आपली बाजू मांडत बसू नकोस. तो चिडेल, कदाचित बूट घेऊन दार लावेल. लावू दे. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. त्याची आई ‘आत ये, चहा घे’ म्हणाली तर घाईत आहे म्हणू नकोस, बस.

आणि ती पोस्ट टाकणाऱ्याशीही बोल, आधी त्याच्याशी. तोही तुझा लहानपणापासूनचाच दोस्त ना?