फवारणीचे कपडे कोणी धुवायचे?

प्रश्न : आमची कपाशी आहे. मालक पंपाने फवारणी करतात आणि त्यांचे कपडे मी हाताने धुते. त्या दिवशी डोके जड होते, डोळे चुरचुरतात. मला पाचवा महिना आहे. बाळाला काही होईल का? (वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी एक गोष्ट ठरवा. बाळंतपण होईपर्यंत आणि अंगावर पाजता तोवर हे कपडे तुम्ही धुवायचे नाहीत. ज्याने फवारले त्यानेच धुवावेत. २०१७च्या हंगामात तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. तेव्हा पंप धरणाऱ्याची चर्चा झाली, कपडे धुणारीची फारशी झाली नाही. पण औषध कातडीतूनही अंगात जाते, आणि ओल्या हातांवर ते बराच वेळ राहते.

प्रोफेनोफॉससारखी औषधे शरीरातले कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य निकामी करतात. त्यामुळे मळमळ, घाम, लाळ आणि डोळ्यांतली बाहुली बारीक होणे अशी लक्षणे दिसतात. डॉक्टरांना औषधाचे नाव सांगून कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करून घ्या. गरोदरपणात रक्तद्रवातले त्याचे प्रमाण मुळातच थोडे उतरते, म्हणून आकडा कमी दिसला की विषबाधाच झाली असे नाही. उलट इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाने हा आकडा बदलत नाही, त्यामुळे तपासणी ठीक आली म्हणजे धोका नाही असेही धरू नका. बाळाचे नेमके काय होईल हे एका तपासणीवरून कोणी सांगू शकत नाही. मात्र संपर्क आजपासून तोडणे तुमच्या हातात आहे.

जो धुईल त्याच्यासाठी धुण्याची रीत अशी. कपडे त्याच दिवशी धुवा, कोपऱ्यात पडले की औषध धाग्यात मुरते. विहीर आणि गुरांच्या हौदापासून लांब, काठीने धरून, आधी नुसत्या पाण्याने खळखळून काढा. मग वेगळ्या बादलीत, सोसेल त्याहून जास्त गरम पाण्यात, धुण्याची पावडर नेहमीपेक्षा जास्त घालून काठीनेच ढवळा. दोनदा धुवा. डब्यावर ‘ईसी’ लिहिले असेल तर तिसऱ्यांदाही, कारण त्यातले तेलकट द्रावण थंड पाण्याने सुटत नाही. हातात जाड रबरी किंवा नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे हवेत. कापडी मोजे औषध शोषून कातडीलाच चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा नसलेले बरे. कपडे कडक उन्हात वाळवा आणि बादली साबणाने धुऊन त्याच कामासाठी बाजूला ठेवा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे कपडे लेकरांच्या झबल्यांबरोबर भिजवणे. पाणी न मिसळलेले औषध सांडून भिजलेला शर्ट मात्र धुऊ नका, टाकून द्या.

प्रश्न : फवारल्यावर किती दिवसांनी निंदायला, वेचायला जावे? दुकानदार दहा दिवस म्हणतो, शेतमालक दुसऱ्याच दिवशी बोलावतो. (परभणी)

उत्तर : दोघे वेगवेगळ्या गोष्टी बोलत असावेत. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत तो एक काळ, आणि माणसाने शेतात कधी शिरावे तो दुसरा. डब्यासोबतच्या पत्रकावर दोन्ही पाहा. काहीच लिहिले नसेल तर पाने पूर्ण वाळेपर्यंत आणि निदान २४ तास शिरू नका. डब्यावरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर आणखी थांबा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

पहाटे दव असताना वेचणी नको, ओल्या पानांवरून औषध जास्त लागते. कापूस पोटाशी बांधलेल्या ओटीत जमवता तेव्हा ते कापड दिवसभर पोटावर घासते. ओटीच्या आत जाड कापडाचा थर घ्या आणि ओटी रोज धुवा. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका, भाकरी खाऊ नका.

प्रश्न : कोणाला औषध बाधलेच तर? आणि तक्रार कुठे करावी?

उत्तर : उघड्या हवेत आणा, कपडे काढा, अंग-केस साबणाने धुवा, १०८ला फोन करा. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका आणि उलटी करवू नका. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते उतरते. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. डबा सोबत न्या. ॲट्रोपिन हा उतारा द्यायचा की नाही, ते फवारलेले औषध कोणते यावर ठरते.

तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर होणाऱ्या एंडोसल्फानच्या हवाई फवारणीविरुद्ध लीलाकुमारी अम्मा १९९८मध्ये न्यायालयात गेल्या, त्या स्वतः कृषी खात्यातल्याच. सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाचे उत्पादन, विक्री आणि वापर देशभर थांबवला तो १३ मे २०११ रोजी. इतकी वर्षे टिकायचे तर कागद लागतात. म्हणून गटातल्या एकीने वही ठेवावी: तारीख, शेत, औषधाचे नाव, डब्यावरचा बॅच क्रमांक, कोणाला काय झाले. दुकानाचे बिल त्याच वहीत टाचून ठेवा.