चिरा नक्षीत, खापर हवेवर

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी नवी १५० सीसी मोटारसायकल घेतली. ९,००० किलोमीटर झाले आणि मागच्या टायरच्या नक्षीत, खाचांच्या तळाशी चिरा दिसू लागल्या. शोरूमवाले म्हणाले, टायर आमच्या वॉरंटीत येत नाही. टायर कंपनीच्या माणसाने पाच मिनिटांत बघून ‘हवा कमी ठेवली’ म्हणत क्लेम नाकारला. मी दर पंधरा दिवसांनी हवा तपासतो. आता काय करू? — एक वाचक, संगमनेर

उत्तर : शोरूमचं म्हणणं खरं आहे, टायरची हमी बहुतेक वेळा टायर कंपनीचीच असते. पण ‘हवा कमी’ हे तोंडी उत्तर घेऊन गप्प बसू नका. पंचवीस वर्षं साताऱ्यात टायरचं दुकान चालवतोय. हे उत्तर कधी खरं असतं, कधी नुसती सुटका असते. म्हणून आधी टायरच नीट बघा.

हवा कमी असली की टायर पसरतो. मधल्या पट्ट्यापेक्षा दोन्ही कडा जास्त झिजतात, बाजूला सुरकुत्या पडतात आणि टायर रिमवरून उतरवला तर आत रबराचा काळा चुरा सापडतो. यातलं काहीच नसेल आणि चिरा सगळ्या घेरात, प्रत्येक खाचेत सारख्याच असतील, तर हवेवर खापर फोडणं मला पटत नाही. रबराच्या मिश्रणातच काही बिनसलं असावं, ही शंका रास्त ठरते. नक्षीचा एक ठोकळा अंगठ्याने बाजूला रेटा, चीर तोंड उघडेल. तळाशी दोरे दिसले तर त्या टायरवर घरापर्यंतसुद्धा जाऊ नका. आणि टायर चमकवायला तेलकट पॉलिश मारत असाल तर तेही कंपनीला सांगून टाका, त्यानेही रबर तडकतं.

आता टायरच्या बाजूचे चार आकडे शोधा. २३२३ म्हणजे २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. माझ्याकडे एकदा एक शिक्षक आणि एक दूधवाले असे दोघे आले. आकडे तेच, चिरा त्याच जागी. दोघांचेही क्लेम आधी नाकारले गेले होते. मी दोन्ही टायर शेजारी ठेवून फोटो काढले, एकच पत्र लिहायला लावलं आणि कंपनीने दोन्ही परत घेतले. तुमच्या गावातही त्याच आठवड्याचा टायर कुणाकडे आहे का, विचारून बघा.

कंपनीला ईमेल करा : ‘नाकारण्याचं कारण आणि तक्रार क्रमांक लेखी द्या.’ सोबत तीन ठिकाणी खाचांची खोली मोजून, मोजायच्या गेजसकट फोटो जोडा. क्लेम मंजूर झाला तरी पूर्ण किंमत सहसा मिळत नाही. नव्याची खोली ८ मिमी आणि उरली ६, तर साधारण पाऊण किंमत वजा करून नवा टायर देतात.

तरी ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

पावसाआधी टायर बदला. जुना मात्र पावतीशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. पोत्यात गुंडाळून घरात ठेवा, कारण आयोगाने प्रयोगशाळेत तपासायला सांगितलं तर तोच लागणार आहे.