जुन्या पायथॉन कोडला टाइप लावणं: पीएचडीसाठी प्रश्न कुठे सापडतो

प्रश्न असा आहे: जुन्या पायथॉन कोडला आपोआप टाइप अ‍ॅनोटेशन लावणारं टूल, एवढ्यावर पीएचडी होईल का आणि सुरुवात कुठून करावी? टूल होईल. पण नुसत्या टूलवर प्रबंध उभा राहणं कठीण आहे, म्हणून आधी एक गोष्ट ठरवा. ‘हा इंट (पूर्णांक) आहे’ असं कोडमध्ये चलाशेजारी लिहिल्यावर, प्रोग्रॅम चालू असताना तो खरंच इंट आहे का हे कोण तपासणार? काय सिद्ध करायचं आणि काय मोजायचं, हे त्यावरच ठरतं.

याची तीन उत्तरं सध्या चलनात आहेत. मायपाय (पायथॉनचे टाइप तपासणारं टूल) आणि टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टची टाइप असलेली आवृत्ती) प्रोग्रॅम चालण्याआधीच टाइप बघतात; चालताना काहीच तपासत नाहीत. टाइप्ड रॅकेट (रॅकेट भाषेची टाइप असलेली आवृत्ती) टाइप असलेल्या आणि नसलेल्या मॉड्यूलच्या सीमेवर तपासणी बसवतं आणि फंक्शन किंवा बदलता डेटा सीमा ओलांडत असेल तर त्याला रॅपर, म्हणजे दर वापराला टाइप तपासणारं वेष्टन, घालतं. रेटिक्युलेटेड पायथॉन या पायथॉनच्या संशोधनासाठीच्या आवृत्तीतली ट्रान्झियंट पद्धत रॅपर टाळते. ती जागोजागी फक्त वरवरचा टाइप बघते, म्हणजे ‘ही लिस्ट आहे’ एवढंच. आत इंट आहेत की स्ट्रिंग, हे घटक बाहेर काढताना कळतं.

यातलं पायथॉनला सोसवेल असं कुठलं, हा खरा वादाचा मुद्दा आहे. रॅपरमुळे वस्तूची ओळख बदलते: मूळ वस्तू आणि रॅपर घातलेली वस्तू ‘इज’ने (दोन्ही एकच वस्तू आहेत का हे बघणाऱ्या ऑपरेटरने) तपासल्या तर वेगळ्या निघतात आणि चालू कोड मोडतो. वेगाचं दुखणं त्याहून मोठं. 10 मॉड्यूल असतील तर कुठल्यांना टाइप लावायचा याच्या 1,024 जुळण्या होतात, 20 असतील तर दहा लाखांवर. टाकिकावा आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये टाइप्ड रॅकेटच्या अशा जुळण्या मोजल्या, तेव्हा मधल्या काही जुळण्या शंभरपटीहून जास्त मंदावलेल्या निघाल्या. दोन्ही टोकं ठीक, मधला रस्ता खड्ड्यांचा. आणि जुना कोड वर्षानुवर्षं त्या मधल्या रस्त्यावरच असतो. ट्रान्झियंटचं उलटं आहे: जितकी अ‍ॅनोटेशनं वाढतील तितक्या तपासण्या वाढतात. म्हणून फक्त ‘टाइप नाही’ आणि ‘सगळीकडे टाइप’ अशी दोन टोकं मोजून तक्ता देऊ नका. मॉड्यूल जास्त असतील तर यादृच्छिक नमुना घ्या, पण मधलं मोजाच.

सिद्धांताची पायाभरणी सीक आणि ताहा यांच्या 2006 च्या ग्रॅज्युअल टायपिंगवर, म्हणजे काही भागाला टाइप लावून बाकीचा तसाच ठेवू देणाऱ्या पद्धतीवर, आहे. तिथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘डायनॅमिक’ (‘प्रकार आधी माहीत नाही’) हा टाइप सबटायपिंगच्या, म्हणजे कुठला टाइप कुठल्याच्या जागी चालतो या क्रमाच्या, सर्वांत वर आणि सर्वांत खाली, दोन्हीकडे ठेवणं. सबटायपिंग संक्रामक (ट्रान्झिटिव्ह) असतं, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या आणि दुसरा तिसऱ्याच्या जागी चालला तर पहिला तिसऱ्याच्या जागीही चालतो, त्यामुळे इंटपासून डायनॅमिक आणि तिथून बूल असा पूल बांधला जातो आणि प्रत्येक प्रोग्रॅम पास होतो. त्यांनी म्हणूनच ‘सुसंगती’ हा वेगळा संबंध घेतला आणि तो मुद्दाम संक्रामक ठेवला नाही. 2015 मध्ये सीक आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ग्रॅज्युअल गॅरंटीही आधी वाचा: नीट चालणाऱ्या प्रोग्रॅममधली अ‍ॅनोटेशनं काढली तर उत्तर बदलता कामा नये. पायथॉनमध्ये ही अट किती ठिकाणी मोडते हे पाहणं हाच एक चांगला प्रश्न आहे.

उदाहरण डेटाक्लासचं, म्हणजे फील्डच्या यादीवरून कन्स्ट्रक्टर आपोआप बनवून मिळणाऱ्या क्लासचं, घ्या. क्लासमधल्या साध्या चलाला अ‍ॅनोटेशन लावलं की तो फील्ड होतो आणि कन्स्ट्रक्टरचे पॅरामीटरच बदलतात. म्हणजे टूलने ‘फक्त टाइप लिहिला’ आणि प्रोग्रॅम बदलला. पहिल्या आर्ग्युमेंटच्या टाइपवरून फंक्शन निवडणारं सिंगलडिस्पॅचही नोंदणीच्या वेळी अ‍ॅनोटेशन वाचू शकतं. टाइपचं नाव आणायला नवा इम्पोर्ट घातला तर कधी इम्पोर्टचं चक्र तयार होतं. असे इम्पोर्ट ‘टाइप चेकिंग’ या, फक्त टाइप तपासताना खऱ्या मानल्या जाणाऱ्या, अटीखाली ठेवावे लागतात आणि पायथॉनच्या जुन्या आवृत्त्यांत सहसा अ‍ॅनोटेशन अवतरणचिन्हांत लिहावं लागतं.

चालत्या प्रोग्रॅमवरून टाइप गोळा करणार असाल, तर टेस्टमध्ये आलं तेवढंच दिसणार. टेस्टने कधी ‘नन’ (मूल्यच नाही) पाठवलं नाही, तर टूल बेधडक ‘स्ट्रिंग’ लिहून मोकळं होतं. लिस्टचा टाइप इन्व्हेरियंट असल्याने बूलची लिस्ट इंटच्या लिस्टच्या जागी चालत नाही, जरी बूल हा इंटचा सबक्लास असला तरी. फंक्शन नुसतं वाचत असेल तर पॅरामीटरला ‘सीक्वेन्स’ लिहावं. तीन-चार असंबंधित क्लास एकाच मेथडसाठी येत असतील तर लांबलचक युनियनपेक्षा (‘हा किंवा तो’ अशा यादीपेक्षा) प्रोटोकॉल (‘ही मेथड असली की पुरे’ असा टाइप) बरा.

मूल्यमापनात ‘मायपायच्या चुका किती कमी झाल्या’ हा आकडा फसवा आहे. अ‍ॅनोटेशन नसलेल्या फंक्शनच्या आत मायपाय डीफॉल्टने बघतच नाही; एक टाइप लिहिला की आतलं सगळं तपासायला घेतं, म्हणून चांगल्या कामानंतरही चुका वाढतात. आणि सगळीकडे ‘एनी’ (काहीही चालेल) लिहिलं तर जवळजवळ काहीच चूक येत नाही! मशीन लर्निंगने अंदाज बांधणार असाल तर ट्रेनिंग आणि टेस्ट यांची विभागणी फाइलवार न करता प्रकल्पवार करा, कॉपी केलेल्या फाइली आधी काढा, आणि स्ट्रिंग-इंट-बूल यांची अचूकता दुर्मीळ टाइपपासून वेगळी दाखवा. नाहीतर नेहमीचेच चार टाइप आकडा फुगवतात.

सुरुवातीला फंक्शन, इंट, बूल, डायनॅमिक आणि बदलता येणारा एक संदर्भ (रेफरन्स), एवढीच भाषा कागदावर घ्या. संदर्भ वगळू नका. खऱ्या अडचणी तिथेच येतात. टाइपचे नियम, कास्ट (चालताना टाइप तपासणारी पायरी) कुठे घालायचे याचे नियम आणि चालण्याचे नियम लिहून छोटा इंटरप्रिटर करा. समांतरपणे टेस्ट चांगल्या असलेले तीन-चार मध्यम आकाराचे प्रकल्प घ्या, हाताने टाइप लावा आणि कुठे अडलात याची वर्गवार नोंद ठेवा: डेकोरेटर, चालताना बनणारे अ‍ॅट्रिब्यूट, की मोकळे कीवर्ड आर्ग्युमेंट. ज्या रकान्यात नोंदी साचतील आणि ज्याला तुमच्या छोट्या भाषेत नियम सापडणार नाही, तो घेऊन मार्गदर्शकांकडे जा.