खोकी तीच, नंबर तीन-तीन

प्रश्न : ताई, नमस्कार. तासगावला आमचं बेदाणा पॅकिंगचं छोटं युनिट आहे. भाऊ आणि मी मिळून चालवतो. अर्ध्या किलोची पाकिटं, चोवीस पाकिटांचा एक खोका. माल पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीतून, भिवंडीला एका मोठ्या रिटेल कंपनीच्या गोदामात जातो. गेल्या खेपेला आम्ही ४० खोकी भरली, पोचेवर ३८ लिहून आलं. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, मी ४० उतरवली. कंपनीने दोन खोक्यांचे पैसे कापले. आता गोदामाने कळवलंय की पुढच्या वेळेपासून एसएससीसीचं पॅलेट लेबल हवं. पाकिटावर बारकोड आहेच, मग हे नवीन कशाला? आणि ट्रान्सपोर्टवाल्याचं स्टिकर चालणार नाही का? कागद आणि खोक्याचा फोटो सोबत जोडला आहे.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : दादा, तिन्ही कागद पाठवलेत ते फार बरं केलंत. शेजारी शेजारी मांडून पाहिले. तुमच्या बिलावर तुमचा बिल नंबर आणि ‘बेदाणा ५०० ग्रॅम, ४० खोकी’. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर, तिचा एलआर नंबर आणि ‘ड्रायफ्रूट, ४० नग’. गोदामाच्या पोचेवर त्यांचा आवक नंबर, त्यांचा आयटम कोड आणि ३८. तिघांत सामाईक असा एकही नंबर नाही. त्यामुळे ‘दोन खोकी कमी’ एवढंच कळतं. कोणती दोन, आणि ती शेवटची कुठे दिसली, हे कुणालाच सांगता येत नाही. भिवंडीत आवकेच्या दारावर मी वर्षानुवर्षं काम केलं आहे. तुटीची भांडणं बहुतेक इथेच अडकतात आणि शेवटी पैसे कापले जातात ते लहान उत्पादकाचे. याचा मला मनापासून राग येतो, कारण यावरचा उपाय जगभर ठरलेला आहे आणि तो लहान युनिटलाही जमण्यासारखा आहे.

पाकिटावरचा तेरा आकडी नंबर ‘हे काय आहे’ एवढंच सांगतो. अर्ध्या किलोच्या प्रत्येक पाकिटावर तोच नंबर असतो आणि असायलाच हवा. १९७४ साली अमेरिकेत, ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, तेव्हापासून दुकानाच्या काउंटरला तेवढं पुरतं. वाहतुकीत विचारायचं असतं ते ‘यातला नेमका कोणता?’ त्यासाठी एसएससीसी, म्हणजे प्रत्येक नगाचा स्वतःचा वेगळा नंबर. एकूण अठरा आकडे. पहिला तुमच्या मर्जीचा, मग बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएस-वन इंडिया या संस्थेने दिलेला तुमच्या कंपनीचा प्रीफिक्स, म्हणजे सुरुवातीचे ठरलेले आकडे, मग तुम्ही ओळीने दिलेला अनुक्रमांक आणि शेवटी तपासणीचा आकडा. एका नगाला दिलेला नंबर निदान वर्षभर दुसऱ्याला द्यायचा नाही. पाकिटाचा बारकोड तुम्ही थेट जीएस-वनकडून घेतला असेल, तर प्रीफिक्स तुमच्याकडे आहेच. इंटरनेटवर कुणाकडून स्वस्तात सुटे नंबर घेतले असतील, तर तो प्रीफिक्स दुसऱ्याच कुणाच्या नावावर असण्याची शक्यता आहे. हे आधी तपासा.

तपासणीच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खरी राखण तोच करतो. नमुन्याला पाकिटाचे ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक मिळवले की २८. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. दहाच्या पटीत आणायला आणखी किती हवेत? काहीच नाही, म्हणून तेरावा आकडा ०. आता समजा लेबल चुरगळलंय, स्कॅनर वाचत नाही आणि रात्रपाळीचा मुलगा हाताने नंबर टाकताना १ आणि २ यांची उलटापालट करतो. बेरीज होते १३२, शेवटी ८ यायला हवा आणि आहे ०. कॉम्प्युटर तिथेच अडवतो. एखादा आकडा चुकला तर हमखास सापडतो. शेजारच्या दोघांची अदलाबदलही सापडते, फक्त त्यांच्यातला फरक बरोबर ५ असेल, जसे १ आणि ६, तर निसटते. एसएससीसीलाही हीच रीत, मात्र तिप्पट पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आकड्यांची करायची. तुमच्या बिल नंबरला असं संरक्षण नाही.

गोदामाने ‘पॅलेट लेबल’ मागितलंय. पॅलेट म्हणजे खोकी रचून एकत्र हलवायचा पाट. पण पार्ट लोडचा माल वाटेत डेपोत उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो. खोकी सुटीच जातात, पॅलेट असतंच कुठे? एसएससीसी पॅलेटलाच लावायचं असं बंधन नाही. जो नग स्वतंत्रपणे हलतो, त्याला ते लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत : चाळीस खोकी, चाळीस नंबर. सुट्या खोक्यांवरचं लेबल चालेल ना, हे गोदामाकडून आधी मेलवर लेखी घ्या. पुढे कधी पूर्ण पॅलेट स्ट्रेच फिल्ममध्ये बांधून तसंच पोचवायला लागलात, तर पॅलेटला वेगळा नंबर द्या.

नुसत्या लेबलने निम्मंच काम होतं. गाडी निघाली की चाळीस नंबरांची यादी गोदामाला पाठवायची. प्रत्येक नंबरासमोर खोक्यातल्या पाकिटाचा नंबर, नग २४, बॅच आणि ‘बेस्ट बिफोर’ची तारीख. गोदामवाले याला एएसएन म्हणतात. तारीख बारकोडमध्ये जाते ती वर्ष, महिना, दिवस अशा सहा आकड्यांत. ५ मार्च २०२७ म्हणजे २७०३०५. आपल्याकडे ०५/०३ कुणी पाच मार्च वाचतो, तर कुणी तीन मे. खाण्याच्या मालात एवढ्याशा घोळाने चांगला माल परत येतो. यादी आधी पोचलेली असली की उतरवताना स्कॅनर एकेक नंबर वजा करत जातो. अडतीस झाले की राहिलेले दोन नंबर पडद्यावर दिसतात. मग डेपोला विचारायचं ते ‘आमचे दोन नग कुठायत’ असं नाही. ‘शेवटी ०१७ आणि ०२३ असलेली खोकी शोधा’ असं विचारता येतं. ट्रान्सपोर्टवाला स्कॅन करत नसला तरी भरताना तुम्ही मोबाइलवर स्कॅन करा आणि त्या यादीवर ड्रायव्हरची सही घ्या.

आता तुमचा फोटो. खोक्यावरचा बारकोड प्लास्टिकच्या पट्टीखाली गेलाय आणि त्याच्या उजव्या टोकावर एलआरचं स्टिकर चिकटवलंय. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते. ती झाकली की स्कॅनरला सुरुवात आणि शेवट सापडत नाही. चकचकीत टेपखालीही लेबल नको, उजेड परततो. काळ्या रेघा, पांढरा कागद. ब्रँडचा रंग म्हणून लाल रेघा छापू नका : स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते. रेघा उभ्या ठेवा, उंची किमान ३२ मिलिमीटर. लेबल कोपऱ्यावर दुमडायचं नाही, आणि त्याच्या शेजारी एलआरच्या स्टिकरसाठी चौकोन आखून ठेवा, म्हणजे हमाल तिथेच लावतील. प्रिंटर घ्याल तो रिबनचा. बिनरिबनच्या थर्मल कागदावरचं लेबल एप्रिल-मेच्या तापलेल्या गाडीत काळवंडतं.

ट्रान्सपोर्टवाल्याचं स्टिकर त्याच्या कामाचं आहे, राहू द्या. पण तो नंबर त्याच्या घरचा. उद्या गाडी बदललीत की तो संपला. तुमचा नंबर तासगावपासून दुकानाच्या मागच्या दारापर्यंत तोच राहतो. त्याला सांगा, एलआरमध्ये आमच्या नंबरांची यादी जोड. ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ असं उत्तर येईल. त्याला ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, आठवण द्या. २०१८ मध्ये ते लागू झालं तेव्हाही हेच ऐकू येत होतं. आज बारा आकडी नंबर, भाग ब मध्ये गाडी नंबर हे प्रत्येक ड्रायव्हरला तोंडपाठ आहे, कारण देशभर रकाने एकच आहेत. तुमच्याच भागात निर्यातीची द्राक्षं करणारे शेतकरी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर बागेची नोंदणी करतात. त्या नोंदीवरून युरोपात पोचलेली पेटी कोणत्या बागेतली ते शोधता येतं. बागायतदाराला जे जमलं, ते वाहतूकदाराला जमणार नाही हे मला पटत नाही.

कापलेल्या पैशांबद्दल : भरतानाचा काही पुरावा, फोटो किंवा वजनाची पावती, असेल तर जोडून लेखी हरकत आजच पाठवा. उशीर झाला की हिशेब बंद करतात.

प्रश्न : बारकोड ८९० ने सुरू होतो म्हणजे वस्तू भारतात बनलेली, हे खरं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. ८९० म्हणजे कंपनीने नंबर जीएस-वन इंडियाकडून घेतलाय, एवढंच. माल कुठेही बनलेला असू शकतो. उत्पादनाचा देश पाकिटावर वेगळा छापलेला असतो, तो वाचा.

प्रश्न : माझे चार टेम्पो आहेत. सगळे म्हणतात बारकोड जुना झाला, आता आरएफआयडी. मी थांबू का?
– एक वाहतूकदार, कोल्हापूर

उत्तर : थांबू नका. आरएफआयडी म्हणजे रेडिओ लहरींनी वाचला जाणारा टॅग. तो तुमच्या काचेवर आहेच, फास्टॅग म्हणजे तेच. जेएनपीटी बंदरात २०१६ पासून कंटेनरला असे टॅग लावून माग ठेवतात. पण टॅग काय किंवा रेघा काय, आत असतो तो नंबरच, आणि एसएससीसी टॅगमध्येही भरता येतो. आज नंबर देण्याची आणि स्कॅन करण्याची शिस्त लावलीत, तर उद्या टॅग आल्यावर फक्त वाचायचं यंत्र बदलावं लागेल. सुरुवातीला एकच ग्राहक निवडा, त्याच्या मालाचं चढवताना आणि उतरवताना असं दोनदा स्कॅनिंग करा, आणि ती नोंद त्याला त्याच दिवशी पाठवा.