फोनवर बाबा ओळखू येतात, समोर आले की ‘तोतया’ वाटतात

तुम्ही लिहिलंय की पार्किन्सन असलेल्या तुमच्या आई हल्ली बाबांकडे बघून म्हणतात, ‘हा दिसतो ह्यांच्यासारखाच, पण हे ते नव्हेत.’ फोनवर मात्र त्याच बाबांशी छान बोलतात. नातेवाईक बाहेरची बाधा म्हणताहेत. तसलं काहीही नाही, आणि आई नाटकही करत नाहीयेत. वर्णन कॅपग्रा सिंड्रोमशी, म्हणजे जवळचं माणूस तोतया वाटण्याच्या भ्रमाशी, जुळतंय. नक्की काय ते डॉक्टरच तपासून सांगतील.

जोसेफ कॅपग्रा हे फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ. नवरा आणि मुलं पळवून त्यांच्या जागी तोतये आणून ठेवलेत, अशी ठाम खात्री असलेल्या एका बाईची हकिगत त्यांनी रेबूल-लाशो यांच्यासोबत १९२३ मध्ये मांडली. याच्या उलटा प्रकार फ्रेगोली सिंड्रोमचा: त्यात अनोळखी माणसं म्हणजे वेश पालटून आलेली एकच ओळखीची व्यक्ती वाटते.

फोनचं कोडं मात्र समजून घ्या, आईंवरचा निम्मा राग तिथेच ओसरेल. चेहरा ओळखणं आणि तो बघून आपलेपणा वाटणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत, अशी मांडणी एलिस आणि यंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये केली. दुसरं काम बंद पडलं तर चेहरा नवऱ्याचाच दिसतो, पण आतून काहीच हलत नाही. त्यात विचार पडताळून बघायची ताकद कमी झाली, की मेंदू ‘हा तोतया’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. आवाजाची वाट वेगळी असते. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांचे सहलेखक हर्स्टीन यांनी १९९७ मध्ये डोक्याला मार लागलेल्या एका तरुणाबद्दल लिहिलं. तोही आईवडिलांना फोनवर बरोबर ओळखायचा.

हा भ्रम स्किझोफ्रेनिया, अल्झायमर, मेंदूची इजा यांतही दिसतो. पार्किन्सन आणि लेवी बॉडी डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) तर डॉक्टरांना तो चांगलाच परिचयाचा आहे. म्हणून आधी न्यूरोलॉजिस्ट गाठा. लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, पार्किन्सनच्या गोळ्यांचा वाढवलेला डोस, हे सगळं तपासायला सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका, ते धोक्याचं असतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं तर ‘पार्किन्सन आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण भ्रमावर देतात त्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने अंग आणखी ताठरतं. त्याऐवजी डॉक्टर बहुधा कमी डोसात क्वेटियापिन, कधी रिवास्टिग्मिन, तर कधी नियमित रक्ततपासणी करत क्लोझापिन देतात. बऱ्याच जणांना उतार पडतो.

घरी पुरावे दाखवून वाद घालू नका. लग्नाचा अल्बम काढलात तर आई आणखी चिडतील. बाबांनी खोलीत यायच्या आधी दाराबाहेरूनच बोलायला सुरुवात करावी, ‘अगं, चहा टाकू का?’ असं, आणि बोलत बोलतच आत यावं. काही घरांत एवढ्याने भागतं. आई फारच बिथरल्या तर बाबांनी थोडा वेळ बाहेर जावं.

एक गोष्ट आजच करा. विळी, सुऱ्या, काठी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ‘तोतया’वर माणूस भीतीपोटी हात उगारू शकतो. त्या मारायची भाषा करू लागल्या तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इस्पितळात न्या. बाबांनाही कोणाशी बोलावंसं वाटत असेल; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.